परमिशनभाऊ

आमच्या गोंदियात घराची भिंत पाडायची असली की लोक पंचांग उघडत नाहीत, सरकारी सुट्ट्या पाहतात. शनिवार-रविवारला जोडून एखादी जयंती आली की शुक्रवारी संध्याकाळपासूनच गल्लीगल्लीत घण वाजायला लागतात. ऑफिस उघडेपर्यंत मलबा उचललेला असतो, वरून पुट्टी फिरलेली असते, आणि घरमालक दारात असा उभा असतो की जणू त्याच्या आजोबांनीच घर असं बांधून ठेवलं होतं. दिवाळी म्हणजे तर मोठा हंगाम. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. माझं प्लायवूडचं दुकान आहे, आणि गावात एक भिंत पडली की माझ्याकडून सनमायकाचे चार तक्ते जातात.

अशा या गावात एक माणूस परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात खिळा मारू देत नसे. धंद्यानं तो इंटिरियर डिझायनर होता. म्हणजे विचार करा. गोंदियात इंटिरियर डिझायनर म्हणजे टीव्हीच्या मागं लाकडी पट्ट्या लावणारा आणि छताला पीओपीची फुलं काढणारा माणूस. त्याच्याकडून लोकांना फुलं हवी असत, आणि हा त्यांना नगर परिषदेच्या खिडकीवर नेऊन उभा करत असे. सगळे त्याला परमिशनभाऊ म्हणायचे. पाठीमागं नाही, तोंडावर. तोही ओ द्यायचा. आता तो गोंदियात राहत नाही. कुठं गेला ते मला माहीत आहे, पण त्यानं सांगू नको म्हटलं आहे, म्हणून सांगत नाही.

दिसायला साधा. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही त्याच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याची गळ्याशेजारची गुंडी लावलेली असे. खिशात ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का पाहायला वापरतात तो लोखंडी लोलक. बोलता बोलता तो बाहेर काढायचा आणि कशाच्याही शेजारी लोंबता धरायचा. माझ्या दुकानाच्या दाराशी धरला, माझ्या फळ्यांशी धरला, एकदा तर माझ्याच शेजारी धरला आणि काही न बोलता परत खिशात ठेवला. मी आठवडाभर आरशासमोर उभा राहून पाहत होतो.

बाकीचे डिझायनर घरात शिरले की मोबाइल काढतात आणि दुबईतल्या हॉलचे फोटो दाखवतात. हा चप्पल काढायचा, घरच्यांकडे न पाहता सरळ भिंतीकडे जायचा, आधी तळहात टेकवायचा, मग कान. घरची बाई पाण्याचा पेला घेऊन मागं उभी. मग तो बोटांच्या पेरांनी ठोकायचा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, डॉक्टर पाठीवर ठोकतो तसा. शेवटी निकाल. त्याच्याकडे निकाल दोनच होते. ‘ही उचलते.’ नाहीतर, ‘ही नुसती उभी आहे.’ नुसत्या उभ्या भिंतीला तुम्ही काहीही करा, त्याची हरकत नसे. उचलणाऱ्या भिंतीला हात लावायचा म्हटलं की नकाशा, अर्ज, इंजिनियर, शेजाऱ्याचं ना-हरकत.

हे निकाल तो माणसांनाही लावायचा. दुकानात माझ्या शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहायचा आणि पुटपुटायचा. बाई सामान घेऊन गेली, ‘उचलते.’ पुढारी हात हलवत गेले, ‘नुसते उभे.’ माझा मेहुणा माझ्याकडे काउंटरवर असतो. त्याला पहिल्यांदा पाहिल्यावर यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘नुसता उभा.’ मेहुणा तेव्हा खुर्चीत झोपला होता.

दुसरी सवय गिऱ्हाइकांना जास्त छळायची. आमच्या जुन्या वस्तीतली घरं एकमेकांना चिकटून आहेत. दोन घरांत भिंत एकच, सामाईक. हा काम हाती घेण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन चहा प्यायचा. बोलावलेलं नसताना. आत जाऊन बसायचा, कशी तब्येत, कसं धान, आणि डोळे भिंतीवर.

‘भिंतीची एक बाजू गिऱ्हाइकाची असते,’ तो मला म्हणायचा. ‘दुसरीकडं काय चाललं ते पाह्यल्याबिगर मी कसा सांगू?’

यामुळं शेजाऱ्यांना आधीच सगळं कळायचं. मग भांडणं. एक मास्तरीणबाई माझ्या दुकानात येऊन त्याच्यावर कडाडल्या होत्या. ‘माह्या घरचा पंखा कुठं लागंल हे विचाराले तुम्ही तिच्या घरी काऊन गेले?’

‘पंख्याचं नाई विचारलं बाई. त्यांच्या बाथरूमचा पाइप तुमच्या देवघरामागून जाते, ते पाह्यलं.’

बाईंनी घरी जाऊन पाइप पाहिला. काम मात्र दुसऱ्याला दिलं.

त्याची स्वतःची खोली मी एकदाच पाहिली. भाड्याच्या दोन खोल्या. डिझायनरचं घर म्हणून मी मोठ्या उत्सुकतेनं गेलो तर आत एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत बांधलेली दोरी. त्या दोरीवर सदरे, टॉवेल, कॅलेंडर, आणि चिमट्यानं लटकवलेला आईचा फोटो. भिंती कोऱ्या.

‘खुंटी काऊन नाई मारली?’ मी विचारलं.

‘घरमालकाले विचारलं होतं. पाहू म्हणाले.’

‘कधी?’

‘आलो तेव्हा.’

तो तिथं चार वर्षांपासून राहत होता.

आता असंही नाही की तो नेहमी बरोबर असायचा. कोहमाऱ्याला हायवेवर एका ढाबेवाल्याला फॅमिली हॉल काढायचा होता. मी गिऱ्हाईक मिळवून दिलं, सोबत गेलो. ढाबेवाल्यानं आधी जेवायला बसवलं. परमिशनभाऊनं ताटावर बसून वर छपराकडे पाहिलं, खांबाला ठोकलं, आणि ताट उचलून बाहेर गेला. ट्रक उभे होते त्यांच्यामध्ये उभा राहून त्यानं वरण-भात खाल्ला. ड्रायव्हर लोक खिडकीतून वाकून पाहत होते.

ढाबेवाला माझ्यावर धावून आला. ‘काय गा, हे ध्यान कुठून आणलं? माह्या गिऱ्हाइकाईसमोर छप्पर पडंल म्हणून सांगून राहिला.’

‘पडंल,’ बाहेरून आवाज आला. ‘या पावसाळ्यात.’

ते छप्पर अजून उभं आहे. त्यानंतर किती पावसाळे गेले. कोहमाऱ्याहून येणारा प्रत्येक ट्रकवाला ही गोष्ट घेऊन यायचा आणि गोंदियात सोडून जायचा. पुढं जे झालं, त्यात या छपराचा मोठा हात आहे.

आणि वास्तू. वास्तूचं नाव काढलं की हा टेप गुंडाळायला लागायचा. किचन आग्नेयेला, बेड नैर्ऋत्येला, संडास कुठंच नको. ‘भिंतीले दिशा नसते, वजन असते,’ एवढं एकच वाक्य बोलायचा आणि चप्पल घालायचा. मी किती समजावलं. म्हटलं, अरे बाबा, वीस टक्के वास्तू सांग, ऐंशी टक्के तुझं कर. ‘खोटं सांगून भिंत वाचवू का?’ असं म्हणून तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचा की मी हिशोबाची वही उघडायचो. गावात वास्तूवाल्यांकडे रांगा होत्या आणि याच्याकडे दोरीवर वाळणारे सदरे.

आता त्या भिंतीकडे येतो.

आमच्या जुन्या वस्तीत धानाचे एक दलाल आहेत. मुलाचं लग्न ठरत होतं. रायपूरचे पाहुणे दिवाळीनंतर घर पाहायला यायचे होते. समोर दोन लहान खोल्या, मध्ये एक आडवी भिंत. दलालसाहेबांना ती भिंत काढून एक मोठा हॉल हवा होता, आणि बाजूच्या सामाईक भिंतीत कोनाडा खोदून त्यात टीव्ही. सगळीकडे असंच करतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी परमिशनभाऊला बोलावलं.

यानं ठोकलं. आडवी भिंत उचलत होती. नुसतं छतच उचलत नव्हती, सामाईक भिंतीलाही तीच धरून होती. मग सवयीप्रमाणं हा शेजारी चहाला गेला. शेजारी एक काकू. विधवा, एकट्या. माहेर कामठ्याचं, म्हणजे माझ्या आईच्या गावच्या, त्यामुळं मला त्या लहानपणापासून ओळखत. त्यांची खाट त्या सामाईक भिंतीला लागून, आणि खाटेच्या उशाशी भिंतीतच खोदलेलं कपाट. काकूंच्या यजमानांनी कधीतरी हौसेनं खोदून घेतलेलं. आत देव, स्टीलचे डबे, लेकीच्या लग्नाचा अल्बम.

तो परत माझ्या दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

‘भाऊ, तिकडून कपाट खोदलेलं हाय. इकडून हे टीव्हीसाठी खोदतील. अगदी समोरासमोर. मधात एक वीट उरंल. अन् आडवी भिंत काढली तं त्या एका विटेले धराले कोणी नाई.’

‘मग दलालाला सांग.’

‘सांगतलं.’

दलालसाहेबांनी ऐकून घेतलं होतं. भला माणूस आहे, ओरडत नाही. परमिशनभाऊनं दुसरा नकाशा काढला, भिंत ठेवून मध्ये रुंद दार, वर लोखंडी बीम. अर्ज टाकला. खिडकीवर सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत, दिवाळीनंतर पाहणी होईल. त्यात वावगं काहीच नव्हतं. कागदाला लागतो तो वेळ लागत होता.

‘दिवाली के बाद?’ दलालसाहेब म्हणाले. ‘लड़कीवाले हॉल देखने आ रहे हैं भाऊ, परमिशन नहीं.’

आणि त्यांनी बालाघाटकडचा एक मिस्त्री ठरवला. दिवाळीच्या सुट्टीत काम. सगळे करतात तसं.

पुढचे काही दिवस या माणसानं जे केलं ते पाहून आम्ही हसत होतो, आणि हसण्यासारखंच ते होतं. मिस्त्रीला गाठून त्याला जमिनीवर खडूनं भिंत काढून दाखवली. मिस्त्री म्हणाला, ‘साहब, हम तो तोड़नेवाले हैं, आप पढ़े-लिखे लोग आपस में समझ लो.’ ठाण्यात गेला. तिथं सांगितलं, शेजाऱ्यांचं आहे, आधी नगर परिषदेचं पत्र आणा. नगर परिषदेला कुलूप. दलालसाहेबांच्या दारात दोनदा उभा राहिला. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याला लाडूचा डबा दिला. तो डबा त्यानं माझ्या काउंटरवर आणून ठेवला आणि उघडला नाही.

मग मला म्हणाला, ‘चला. काकू तुमच्या ओळखीच्या हाय. तुमच्यासमोर ऐकतील.’

गेलो. काकू अंगण सारवत होत्या. हात धुऊन आल्या.

‘ये गा बाबू. या साहेब. तुमच्यासाठी च्याच मांडतो, दुसरं कायले येता तुम्ही.’

हा बसला नाही. सरळ म्हणाला, ‘काकू, दिवाळीत शेजारी तोडफोड होईल. हे भिंत पडू शकते. तुम्ही ही खोली सोडा. लेकीकडं जा, नवेगावले.’

काकूंची एकुलती लेक नवेगाव-बांध या गावी दिलेली.

‘दिवाळीत लेक माहेरी येते का माय लेकीच्या घरी जाते?’ काकू म्हणाल्या. ‘अन् भिंत काऊन पडंल?’

त्यानं सांगितलं. कपाट दाखवलं, समोर कोनाडा येईल ते हातानं मोजून दाखवलं, मधली वीट दाखवली. एवढं सोपं करून मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. काकू मान हलवत होत्या, आणि शेवटी हसल्या.

‘माही सासू गेली, माहा मालक गेला, हे भिंत उभीच हाय. साहेब, ते कोहमाऱ्याचं छप्पर बी पडणार होतं म्हणे ना? पडलं का?’

मलाही हसू आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून ओळंबा काढला, भिंतीजवळ लोंबता धरला, तो थांबेपर्यंत पाहत राहिला. मग परत खिशात ठेवला आणि खाटेच्या कडेला बसला.

‘काकू,’ तो म्हणाला, ‘तुम्ही डोकं कोणीकडं करून निजता?’

मी चहा घेता घेता थांबलो.

‘हे का. भिंतीकडं.’

‘म्हणूनच मी येऊन राहिलो. वास्तूत हे वाईट हाय. घरधनिणीनं या दिशेच्या भिंतीले डोकं लावाचं नाई. यंदाच्या दिवाळीत तं बिलकूलच नाई. घरधनिणीवर येते.’

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हसू गेलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. ‘असं हाय का बाप्पा,’ एवढंच म्हणाल्या. चहा संपायच्या आत खाट उचलायला लावली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो. मागच्या खोलीत नेऊन ठेवली, डोकं त्यानं सांगितलं तिकडे.

बाहेर आलो. गल्लीतल्या नळावर तो बराच वेळ हात धूत राहिला.

‘वास्तूत असं कुठं लिहिलं आहे?’ मी विचारलं.

‘आता लिहिलं.’

‘तू तर खोटं सांगत नव्हतास.’

‘खोली सोडत नाई तं खाट तरी सोडली,’ तो म्हणाला. ‘आता पडली तं डबे फुटतील.’

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी शेजारी घण सुरू झाले. आडवी भिंत दोन दिवसांत साफ. मग सामाईक भिंतीत कोनाडा खोदायला घेतला. काकूंची लेक, दोन्ही लेकरं सासरी ठेवून, नवेगावहून एकटीच आली होती. चाळिशीतली, हसरी, येताना आईला तळ्यातली मासळी घेऊन आलेली. मी त्या गल्लीतून जाताना मला हाक मारून म्हणाली, ‘दादा, तुमच्या मित्रानं मायले वास्तू शिकवली म्हणते. माह्या घरी बी पाठवा त्याले.’

पाडव्याच्या दुपारी शेजारची ठोकाठोक थांबली. मिस्त्री आणि मजूर जेवायला बसले होते. जेवायला ते अंगणात बसले, म्हणून वाचले. इकडे लेकीनं भांडी घासली. सकाळपासूनच्या आवाजानं तिचं डोकं धरलं होतं. आता शांत झालं म्हणून जरा पडते म्हणाली. मागच्या खोलीत खाट आईची, आणि तिथं वारा नाही. समोरच्या खोलीत, जिथं आधी खाट होती तिथं, काकूंनी तिला सतरंजी घालून दिली. मोकळी जागा, समोर दार, हवा.

मी पोहोचलो तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. परमिशनभाऊ माझ्या आधी आलेला होता. हातानं विटा उचलत होता, एकेक, आणि उचललेली वीट फेकत नव्हता, बाजूला नीट ठेवत होता. मी त्याला ओरडलो, लवकर कर म्हणून. तो त्याच गतीनं ठेवत राहिला. मग गल्लीतले आठ-दहा जण आले. तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या हाताला भांड्याची राख तशीच होती.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. जो येईल त्याला तेच सांगत होत्या, मलाही सांगितलं.

‘म्याच तिले म्हटलं, इथं नीज. घरधनीण मी हाय ना बाबू. ते तं दिलेली पोरगी, दुसऱ्या घरची. पाहुणी. तिले या घरचा दोष कायचा, असं म्हटलं म्या.’

तो माझ्या मागं उभा होता. त्यानं ऐकलं. खाली त्याच विटांवर बसला, त्यानंच रचून ठेवलेल्या.

मिस्त्री त्या संध्याकाळपर्यंत जिल्ह्याबाहेर गेला होता. दलालसाहेब खरोखर हादरले होते. डोळ्यांत पाणी होतं, हात जोडून म्हणत होते, ‘दीवार पुरानी थी.’ मग कोणीतरी विचारलं, काम कोणाचं? त्या घराच्या नावानं सरकार-दरबारी एकच कागद होता, आणि त्यावर एकच सही होती. गोंदियात ज्यांनी ज्यांनी सुट्टीत भिंती पाडल्या त्यांची नावं कुठंच नाहीत. ज्यानं परवानगी मागितली, त्याचं नाव होतं.

ठाण्याच्या बाकावर तो दिवसभर बसून होता. मी डबा घेऊन गेलो. नकाशात भिंत ठेवलेली आहे हे मी ठाणेदारसाहेबांना दाखवत होतो, बोटानं रेघ दाखवत होतो. साहेबांनी त्याला एकच विचारलं.

‘भिंत पडेल हे तुम्हाला माहीत होतं का?’

‘हो.’

दलालसाहेबांनाही तेच विचारलं होतं. त्यांना माहीत नव्हतं. ते घरी गेले.

पुढं प्रकरण विझलं, आणि ते काकूंनी विझवलं. त्यांनी जबाब दिला की कोणावर तक्रार नाही. घरातच दोष होता, परमिशनवाल्या साहेबानं आधी सांगितलं होतं, माझ्याच हातून चुकलं. पोलिसांनी लिहून घेतलं. दलालसाहेब सुटले, मिस्त्री सुटला, हाही सुटला.

आणि मग गावानं एक गंमत केली. गंमत हा शब्द मी मुद्दाम वापरतो, दुसरा सुचत नाही. माझ्या दुकानात लोक त्याला विचारत येऊ लागले. वास्तूवरून ज्यांनी त्याला घरातून घालवलं होतं, तेच. ‘वो वास्तुवाले भैया कहाँ बैठते हैं? जिन्होंने बुढ़िया को पहले ही बता दिया था?’ तो मागं स्टुलावर बसलेला असायचा. मी नाही म्हणून सांगायचो. त्या दिवसांत त्यानं कोणाला निकाल दिला नाही. लोक समोरून जायचे आणि तो त्यांच्याकडे पाहायचाही नाही.

लेकीची तेरवी नवेगावला, सासरी झाली. काकू परत आल्याचं कळलं तेव्हा त्यानं, त्या दिवसांत उघडीच राहिलेली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि म्हणाला, ‘चला.’

‘कशाला?’

‘काकू दोष स्वतःले लावून घेऊन राहिली. खरं सांगाचं हाय तिले.’

‘खरं सांगितलं तर तुझ्या अंगावर येईल.’

‘येऊ द्या. माह्याच अंगावर पाह्यजे ते.’

काकूंच्या समोरच्या खोलीत पडलेल्या भागाला निळी ताडपत्री बांधली होती. पलीकडून दलालांच्या हॉलचा उजेड त्यातून निळा होऊन येत होता. भिंतीचा उरलेला तुकडा, दाराकडचा, दोन बांबूंच्या टेकूवर उभा होता. वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी भेग. काकूंनी त्याच खोलीत सतरंजी घातली होती. आम्हाला पाहून उठल्या आणि चहा मांडायला निघाल्या.

‘च्या नको काकू. बसा,’ तो म्हणाला. ‘मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. वास्तू-बिस्तू काही नव्हतं. डोकं कोणीकडं करा, काहीच होत नाई. घरधनीण-बिण मीच बनवलं. तुम्ही खोली सोडत नव्हत्या म्हणून बनवलं. तिच्यावर कोणता दोष नाई पडला. भिंत पडली. तुमच्या हातून काही चुकलं नाई.’

काकू बसल्या नाहीत. मग पुढं येऊन त्याच्या दंडावर हात ठेवला.

‘तुमचं मन लय चांगलं हाय साहेब. मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिले.’

‘नाई काकू.’

‘तुम्ही सांगतलं होतं. म्या अर्धंच ऐकलं.’

‘काकू, खरं सांगून राहिला तो,’ मी म्हणालो. ‘बाहेर निघाल्यावर मला तेव्हाच बोलला होता.’

‘तू बी शिकला त्याच्यासंग,’ काकू म्हणाल्या. रागानं नाही.

‘भिंत दलालानं पाडली,’ तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. ‘परमिशन नसताना पाडली. तुम्ही तक्रार द्या. मी येतो सोबत. माहं नाव बी द्या.’

‘त्याचं नाव नका घेऊ. त्याच्या घरी लग्न हाय.’ काकू सतरंजीवर बसल्या, पदरानं गुडघे झाकले. ‘ते सोडा. तुम्ही आले ते बरं झालं, मीच निरोप धाडणार होतो. तिचे लेकरं येतील आता, शाळेले सुट्टी लागली का. दोघंही. आजीजवळ राहाचं म्हणतात. ते इथं निजतील माह्यापाशी. त्याईचं डोकं कोणीकडं करू, तेवढं सांगून द्या.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या उरलेल्या भिंतीकडे. जवळ गेला नाही, ठोकलं नाही, ओळंबा काढला नाही. भेगेतून पलीकडच्या नव्या ट्यूबलाइटची एक रेघ येऊन काकूंच्या सतरंजीवर पडली होती. त्या रेघेवर त्याचे डोळे थांबले होते. ताडपत्री वाऱ्यानं फुगली आणि परत बसली.

‘मागच्या खोलीत,’ तो शेवटी म्हणाला. ‘डोकं पूर्वेले.’

‘लेकराईचं?’

‘सगळ्याईचं. तुमचं बी. काकू, या खोलीत मोठा दोष हाय. तो कोणालेच सोडत नाई. घरचा असो, पाहुणा असो, दिलेली लेक असो, लेकरू असो. रात्री नाई, दुपारी नाई. हे भिंत पुरी काढून नवी होयेपर्यंत या खोलीत कोणी पाय ठेवाचा नाई.’

काकूंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग सतरंजीची घडी घालता घालता थांबल्या आणि वर पाहून म्हणाल्या,

‘हे तेव्हाच काऊन नाई सांगतलं, साहेब?’